पडद्यापुढची खुर्ची

ईली, मिनेसोटा
६ फेब्रुवारी

प्रिय डार्लीन,

स. न. वि. वि. या वेळी विनंती खरोखरच विशेष आहे, तेव्हा हे पत्र विमानात चाळून समोरच्या खुर्चीच्या खिशात कोंबून येऊ नकोस.

पेपीमावशीचं काही खरं नाही. टूसॉनच्या डॉक्टरांनी इलाज थांबवलेत, आता फक्त दुखू नये एवढंच बघतात. घशाचंच दुखणं, त्यामुळे तोंडाने काही जात नाही, नळीने देतात. आवाज इतका खोल गेलाय, की दर रविवारी आई नुसता फोन कानाला लावून बसते आणि एकटीच दोघींचं बोलते. परवा जेवता जेवता म्हणाली, की मी पेपीला भेटून येणार. मी विचारलं, जाणार कशी? तर म्हणे, लोक जातात तशी, विमानाने.

आपली आई! त्र्याऐंशी वर्षांची, लिफ्टमध्येसुद्धा भिंत धरून उभी राहणारी! मी म्हटलं, मी नेतो गाडीने. तर म्हणे, तू बर्फ लोटायचा नांगर सोडून निघालास तर गाव बर्फातून बाहेर कोण काढणार? आणि गाडीने पोचेपर्यंत पेपी थांबायला हवी ना. मग हळूच म्हणाली, की डार्लीन दर आठवड्याला उडते, तिच्या शेजारी बसेन आणि डोळे मिटून घेईन.

तर बाई, बघ तुझ्या त्या धावपळीत आईला बसवता आलं तर. वसंतापर्यंत मावशी असेल असं कोणी म्हणत नाही.

आईचा, माझा आणि कुत्र्याचा तुझ्यावर जितका जीव आहे, त्यातला निम्मा तरी परत येऊ दे.

तुझा थोरला,
लेन


ओमाहा
१२ फेब्रुवारी

प्रिय लेन,

सा. न. वि. वि. हे पत्र हॉटेलच्या कागदावर आहे. वर छापलेला हसरा सूर्य त्यांचा, मजकूर माझा.

नेते. त्यात विचारायचं काय? दवाखान्यांना भांडी धुण्याची अवाढव्य यंत्रं विकत पंचवीस वर्षं मी या देशावरून उडते आहे. त्या खटाटोपाचं घरच्यांसाठी काहीतरी चीज होऊ दे. आईला सांग, की एकच छोटी बॅग, चाकांची, डोक्यावरच्या कप्प्यात मावेल अशी. मोठं सामान विमानाच्या पोटात देणारी माणसं फिरत्या पट्ट्याभोवती हरवलेल्या मेंढरांसारखी उभी असतात, मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. कपडे गुंडाळायचे, घडी घालायची नाही. काळे घ्यायचे, म्हणजे सांडलेलं दिसत नाही. जी वस्तू उचलताना दोनदा विचार करावा लागतो, ती घरीच राहील.

आज रात्री चांगल्या ठिकाणी जेवले. म्हणजे जेवण चांगलं होतं. एकट्या बाईला टेबल देतात ते संडासाच्या दाराजवळचं. आधी विचारतात, की आणखी कोणी येणार आहे का. नाही म्हटलं, की समोरचे काटे-चमचे असे अलगद उचलून नेतात, जणू तिथलं माणूस आत्ताच वारलंय. आता मी आधीच सांगते, की येणार आहे, ट्रॅफिकमध्ये अडकलाय. त्या अडकलेल्या माणसामुळे मला पावही जास्त मिळतो.

एक मार्चला दोघी निघू, डेन्व्हरला विमान बदलून. तू आईला मिनियापोलिसला आणून सोड. विमान कंपनीने मला दिलेल्या सोनेरी कार्डाची ताकद तुम्हा लोकांना ठाऊक नाही. आईचा पहिला प्रवास असा करते, की ईलीच्या चर्चमध्ये वर्षभर दुसरा विषय निघायचा नाही.

लोभ आहे तो वजनाच्या मर्यादेत बसेल एवढाच ठेव, जास्त झाला तर दंड पडतो.

तुझी,
डार्लीन


ईली
२१ फेब्रुवारी

प्रिय डार्लीन,

स. न. तुझे नियम आईला वाचून दाखवले. काळे कपडे घ्यायचे म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचा मजकूर गिळला. आजारी बहिणीकडे काळ्या कपड्यात जायचं? निळा फुलांचा झगा घेतलाय. गुंडाळलेला नाही, इस्त्री करून घडी घातलेला आहे. दोनदा विचार करण्याच्या नियमाचाही उपयोग नाही, ती कशाचाच दोनदा विचार करत नाही.

आणि पोटीत्सा. अक्रोडाचं सारण भरलेल्या गोड पावाच्या दोन वळकट्या भाजल्यात, प्रत्येकी विटेएवढी. मी सांगून पाहिलं, की मावशीला गिळता येत नाही. तर म्हणाली, घर तिचं आहे ना? आपल्यात कुणी रिकाम्या हाताने कोणाच्या दारात गेलंय का?

कुणाला सांगू नकोस, पण ती घाबरली आहे. रात्री स्वयंपाकघरात दोन खुर्च्या शेजारी मांडून एकीवर बसली होती. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणे, सराव.

नीट घेऊन जा. फोन लागतो, पण आई फोनवर सगळं छानच सांगते, म्हणून खरं काय ते तू लिहीत जा.

माया आहे तशी असू दे, दोन्ही बाजूंनी.

लेन


डेन्व्हर
१ मार्च, संध्याकाळ

प्रिय लेन,

नमस्कार वगैरे तू मनाने धर, मी फार चिडले आहे.

सुरुवात काय सुरेख झाली होती! तपासणीत पोटीत्सा अडकली. यंत्रात ती म्हणे भलतंच काहीतरी दिसते. हातमोजे घातलेल्या माणसाने ती उघडून तिच्यावरून कापडाची पट्टी फिरवली, तेव्हा आईने त्याला सांगितलं, की बाळ, नुसता वास काय घेतोस, कापून खा की. तो लाजला. दाराशी पोचलो तर माझं नाव पुकारलं, पुढच्या महागड्या वर्गात एक खुर्ची रिकामी झाली होती. एकच. ती मी आईला दिली, लेन. त्या खुर्चीसाठी मी माणसं गुरगुरताना पाहिली आहेत. सामान वर ठेवून दिलं, पट्टा बांधून दिला, उशी दिली, आणि मी आपली मागे, बत्तिसाव्या रांगेत, दोन पहिलवानांच्या मध्ये. मनात म्हटलं, आई राणीसारखी बसली आहे.

उतरल्यावर बघते तर पांढरीफटक. दुसऱ्या विमानाच्या दाराशी रांग लागली आणि ही बाई खुर्चीवरून उठेचना. म्हणाली, की मी येत नाही. मी कारण विचारलं. कारण नाही म्हणाली. मी समजावलं, की दोन तासांत मावशीचं घर. तर म्हणे, तू जा, मी इथेच बसते. विमान गेलं. आमच्या नावांचा पुकारा तीनदा झाला, लोक आमच्याकडे बघत होते. राणीसारखं बसवलेल्या माणसाने असं वागावं?

उद्या पहाटे भाड्याची गाडी घेऊन निघते. दोन दिवस लागतील. मावशी तोवर आहे की नाही, देव जाणे. तिच्या घरी फोन केला, तर सांभाळणारी बाई म्हणाली, लवकर या. आई खाली हॉटेलच्या हॉलमध्ये तुझ्याशी फोनवर बोलते आहे. काय बोलते ते मला कळू देत नाही.

लोभाचं नंतर बघू.

डार्लीन


ईली
२ मार्च

प्रिय डार्लीन,

स. न. हे पत्र मावशीच्या पत्त्यावर पाठवतोय, तुमच्या मागोमाग पोचेल. फोनवर हे तुला सांगता आलं नसतं. तू मध्येच बोलतेस.

काल आईने फोनवर पहिल्यांदाच छान आहे असं म्हटलं नाही. रडली.

तू तिला पुढे बसवलंस आणि मागे गेलीस. मग कुणीतरी दोन वर्गांमधला पडदा ओढला. विमान हललं की ती वळून बघायची, तर पडदा. एकदा उठून मागे यायला निघाली, तर हवाईबाईने गोड बोलून परत बसवलं. शेजारचा माणूस कानात बोळे घालून झोपलेला. गरम रुमाल दिला, तो कशासाठी ते कळेना, म्हणून घडी करून परत दिला. जेवण आलं, तर डार्लीन मागे उपाशी असताना मी कशी खाऊ, म्हणून झाकण उघडलंच नाही. डोळे मिटून घेईन असं म्हणाली होती ना? एकटीने मिटायला भीती वाटली म्हणे.

तुला सांगायचं नाही असं तिने मला बजावलंय. पोरीने एवढं मोठं काहीतरी दिलं, तिला वाईट वाटेल, असं म्हणाली. म्हणून कारण नाही म्हणाली तुला.

तुझी चूक म्हणत नाही मी. माझ्याकडे द्यायला खुर्ची असती तर मीही दिली असती. पण तिला हवी होती ती खुर्ची तुझ्या शेजारची होती गं, वेडे.

जीव लाव, आणि पोचल्याचं कळव.

लेन


टूसॉन
८ मार्च

प्रिय लेन,

सप्रेम नमस्कार. पोचलो. मावशी आहे.

वाटेत आई सगळा वेळ बोलत होती. आजीची गाय, पेपीने चोरलेले फ्रेंच बूट, तुझी गालगुंडं. खाणावळीत एक ताटली आणि दोन काटे मागायची, वाढणारी कपाळाला आठ्या घालायची आणि आई तिला पोटीत्साचा काप देऊन गप्प करायची. एक संपली वाटेतच, दुसरी सांभाळणाऱ्या बाईच्या घरी गेली. विमानाचं अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही. शेजारच्या प्रवाशाशी न बोलण्याची कला मी इतकी घोटून घेतली आहे, की शेजारी आई बसली तरी ती सुटत नाही.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मागच्या अंगणात निवडुंगाशेजारी उभं राहून वाचलं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, लिहिलं तर विनोद करीन.

त्याच दुपारी मावशी जरा हुशारीत होती. आवाज म्हणजे नुसता श्वास. तिने आईला विचारलं, की विमान कसं होतं गं? मी दाराशी नळीतून द्यायच्या औषधाचा पेला घेऊन उभी. मला वाटलं, आता हिने खरं सांगावं. सांगितलं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

आई खुर्ची ओढून जवळ बसली आणि म्हणाली, की पेपी, काय सांगू! माझ्या पोरीने स्वतःची राजाची खुर्ची मला दिली. पाय लांब केले तरी भिंत लागत नाही. मावशीने डोळे मिटले आणि विचारलं, जेवायला काय होतं?

लेन, जिने झाकण उघडलं नव्हतं, ती वाढायला लागली. आधी कोंबडीचं सूप, हाताने कापलेल्या शेवया घातलेलं. मग डुकराचं भाजलेलं मांस, वरची साल कुरकुरीत. आंबट कोबी. मग बटाट्याच्या पिठाचे उंडे, आत अख्खा आलुबुखार, वर लोण्यात परतलेला पावाचा चुरा. हे सगळं आजीच्या चुलीवरचं, हे त्या खोलीत तिघींनाही कळत होतं. मावशीचा गळा हलत होता, गिळल्यासारखा. प्रत्येक पदार्थानंतर ती विचारायची, आणि मग?

शेवटी आईचं सगळं संपलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मावशीनेही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, की तू नेहमी जातेस, खरंच देतात का गं असं?

मी सांगितलं, की देतात तर. पुढे बसणाऱ्यांना दुसऱ्यांदा आग्रहही करतात. आणि मी पेला खाली ठेवून सफरचंदाचा श्ट्रूडल आणला, गरम, वर मलई. आई म्हणाली, हो, तो सांगायचा राहिलाच.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. मावशी आता फार जागी नसते. शार्लट शहरातली माझी कामाची बैठक बुडाली, पुढचीही बुडेल. परतीची तिकिटं काढलेली नाहीत. पण आज सकाळी मावशीने विचारलं, की परत जाताना काय वाढतील? आई पलंगाच्या एका बाजूला बसली आहे, तिने दुसऱ्या बाजूची खुर्ची माझ्यासाठी ओढली आहे, आणि दोघी मला हाक मारताहेत, कारण मासे कुठले असावेत यावर त्यांचं भांडण लागलं आहे. जाते.

तुझ्यावरचा लोभ मोजत बसायला आत्ता वेळ नाही, तेव्हा सगळाच पाठवते.

तुझी धाकटी,
डार्लीन