शुक्रवारच्या चादरी

भिवंडी
३ डिसेंबर २०२४

प्रिय रुबीना,

सलाम आणि भरभरून दुवा. आम्ही सगळे मजेत आहोत. तुझे दुल्हाभाई गुडघ्याची तक्रार करतात आणि दोन-दोन जिने चढतात.

शनिवारी फोनवर तू त्या ब्लॅक फ्रायडेच्या सेलवर किती चिडली होतीस! थँक्सगिव्हिंग अमेरिकेचं, मेजवानी अमेरिकेची, आणि दुसऱ्या दिवशीची ढकलाढकली मात्र इंग्लंडात तुमच्या बोल्टनला. एका टीव्हीसाठी दोघी भांडल्या आणि मध्ये पाय तुझा चेंगरला. मी पोट धरून हसले, राग मानू नकोस. ते खूळ आमच्याकडेही येऊन गेलंय आणि आणणारा आपला ओसामाच.

फोन ठेवताना तू विचारलंस, त्याच्याबद्दलचं पत्र पोचलं का. मी म्हटलं, टपाल हल्ली उशिरा येतं. त्याचं पुढे लिहिते, आधी सेलचं ऐक.

ओसामानं मोबाईलवर जाहिरात टाकली, शुक्रवारी सकाळी दहापासून चादरी अर्ध्या किमतीत. बापाला विचारलं नाही. वर आपलं दुकान सासऱ्यांच्या काळापासून शुक्रवारी बंद असतं, हेच विसरला. बावीस वर्षांचा घोडा, जन्मभर शुक्रवारी घरी बसून बिर्याणी खाल्ली, तरी विसरला.

दहाला बंद शटरसमोर शंभरेक माणसं. वडप्याच्या गोदामातल्या बाया, कोन गावच्या सासवा-सुना, अडकलेल्या रिक्षा, शटरवर थापा. हे जुम्म्याच्या नमाजासाठी अंघोळ करून, अत्तर लावून तयार. बाहेर आले आणि म्हणाले, "आज जुम्मा हाय. दुकान उघडत न्हाय."

सगळ्यांत पुढे अंजूरची पुतळाबाई, सत्तरीची. ती म्हणाली, "शेट, दोन रिक्षा बदलून आलेय. नातीचं लगीन हाय. तुमची नमाज होईतवर बसते, पण चादरी घेतल्याबिगर जायची न्हाय." आणि पायरीवर बसलीच.

यांनी घड्याळाकडे पाहिलं. दोनला उघडतो म्हणाले. ओसामाचा चेहरा पडला होता, पण त्यानं हातपाय गाळले नाहीत. कापडाच्या चिंध्यांवर खडूनं नंबर लिहून वाटले, बायकांना आपल्या अंगणात बसवलं. मी आणि शेजारची कमळा चहा करून करून दमलो. दोनला नंबरानं एकेक जण आत गेला. कुणी कुणाला ढकललं नाही. पुतळाबाईनं सहा चादरी घेतल्या, अर्ध्या किमतीवर घासाघीस वेगळी केली.

संध्याकाळी यांनी दुकानाची किल्ली ओसामाच्या हातात दिली. "उद्यापासून तू उघड," एवढंच बोलले. मला इतका आनंद झाला की स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता खरं सांगते. तुझं पत्र तीन आठवड्यांपूर्वीच आलं. तू त्याला दोन वर्षं तुझ्याकडे राहून शिकायला बोलावलंस, आणि मी ते पत्र शिलाई मशीनच्या खणात दडवलं. तुझ्याशी खोटं बोलले. किल्ली त्याच्या हातात आली तेव्हा वाटलं, सुटले, आता दाखवायची गरज नाही. पण तो सकाळी शिट्टी वाजवत दुकानाकडे निघायचा आणि मला त्याच्याकडे बघवेना. त्याच्या आयुष्यातली गोष्ट त्याला न विचारताच मी ठरवून टाकली होती.

काल पत्र त्याला दिलं. त्यानं दोनदा वाचलं. मला वाटलं, आता चिडेल. तो म्हणाला, "अम्मी, मला जायचंय. पण तू न्हाय म्हटलंस तर न्हाय जाणार."

मी जा म्हटलं. मला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, दोन वर्षं शटर मी उघडतो, त्यात काय.

तेव्हा त्याच्या व्हिसासाठीचे कागद पाठव. एकच सांगते. ताप आला तरी तो कुणाला सांगत नाही. अधूनमधून तूच कपाळाला हात लावून बघ.

आजवर एकटीच त्याची आई असलेली,
तुझी आपा
आबिदा