तंबाखूच्या काड्या आणि आईची मिरची

बाबा, यंदा आपण तंबाखूच्या काड्या जाळल्या नाहीत. तुम्ही असतात तर एवढं वाचूनच चष्मा काढून ठेवला असता, म्हणून आधीच सांगते, हा सगळा कारभार माझा, आईचा त्यात हात नाही. सगळा गाव कपाशी आणि सोयाबीन पेरायचा, आणि तुम्ही मात्र नाल्याकाठच्या अर्ध्या एकरात हट्टानं तंबाखू लावायचात. पानं निघाली की उरलेल्या खोडांचा ढीग शेताच्या बांधावर, धुऱ्यावर रचून पेटवायचात, मग अर्धा गाव खोकत बसायचा. मी सातवीत असताना शाळेत ऐकून आले आणि तुम्हाला म्हटलं की जाळू नका, यातून खत होतं. तुम्ही ढिगावरची नजर न हलवता म्हणालात, "तुह्या मास्तरले म्हणा, रविवारी गाडी घेऊन ये अन् घेऊन जाय सारं." मला तेव्हा फार राग आला होता. तो इतकी वर्षं टिकेल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही गेल्यापासून दादा पुण्याहून फोन करतो की वावर बटईनं, अर्ध्या वाट्यावर, देऊन टाका, म्हणजे कटकट नाही. मी म्हटलं, मी करते. आईनं दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "एक साल तुह्या हाती देते. बिघडलं तं दादा म्हणते तसं." त्यामुळे मी फेब्रुवारीत कडबाकुट्टीचं यंत्र आणलं आणि तीन दिवसांत सगळ्या काड्या बारीक केल्या. त्याची धूळ म्हणजे शुद्ध तपकीर. यंत्रावरचा माणूस शिंकून शिंकून बेजार झाला. धुऱ्यापलीकडचे आपले काका तेवढे तिन्ही दिवस वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे होते. डॉक्टरांनी त्यांची तंबाखू बंद केली आहे. मी विचारलं, "काका, उन्हात काऊन उभे?" तर म्हणाले, "काही नाही बाई, मशीन बरोबर चालते का पाहून राह्यलो." संध्याकाळी काका मोठ्या समाधानानं घरी जायचे. त्या कुट्टीत शेण आणि मळणीनंतर उरलेलं सोयाबीनचं कुटार मिसळून मी ढीग लावला, पाणी मारलं, वरखाली केला, आणि जूनपर्यंत काळंभोर खत तयार झालं. मी ते मुठीत घेऊन वास घेत फिरत होते. येडीच झाले होते म्हणा.

इथपर्यंत थांबले असते तर बरं झालं असतं. आई मावशीकडे लग्नाला म्हणून महिनाभर उंद्रीला गेली होती. तिच्या मिरचीच्या रोपांचे चार वाफे तिनं माझ्या भरवशावर सोडले होते. म्हटलं, परत आल्यावर तिला चकित करू, आणि दोन वाफ्यांत माझं खत घातलं. पंधरा-वीस दिवसांत त्याच दोन वाफ्यांतली पानं हिरवी-पिवळी, चट्ट्यापट्ट्यांची झाली आणि आखडली. उरलेले दोन वाफे हिरवेगार. त्यांच्याकडे पाहिलं आणि मला एकदम तुमची साबणाची वडी आठवली.

मिरचीच्या वाफ्यापाशी बादली, साबण आणि तुम्ही. तंबाखूला हात लावलेला माणूस तुम्ही मिरचीजवळ येऊ देत नाही. मला पाहायला जानेफळहून मंडळी आली आहेत, मुलाचे वडील तळहातावर तंबाखू मळत कौतुकानं रोपांकडे वाकतात, आणि तुम्ही ओट्यावरून ओरडता, "पहिले हात धुवा, मंग पाहा." ते हात न धुताच बैठकीत आले आणि चहा न पिता गेले. त्यानंतरचीही स्थळं गेली, पण त्यांचा दोष मिरचीला देत नाही. इतकी वर्षं मी हा तुमचा विक्षिप्तपणा समजत होते. तंबाखूचा रोग मिरचीवर जातो, काड्यांतही राहतो, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही काड्या जाळायचात ते आईच्या मिरचीसाठी. बाबा, हे मला तेव्हाच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मास्तरांना टोमणा मारण्यापेक्षा ते सोपं होतं.

आई परत आली. वाफ्यापाशी बसली, पान उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "कोणाचा हात लागला?" बाबा, मी म्हटलं, "काका आले होते."

तिनं तिथूनच काकांना हाक मारली. काका आले, रोपं पाहिली, आईचं तोंड पाहिलं, आणि मी मधे काही बोलायच्या आत कंबरेची तंबाखूची डबी काढून ओट्यावर ठेवली. "चुकलं माह्यं वयनी. दिवसातून दोनदाच खातो, घरी सांगू नका." मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. रोपं उपटून जाळली, मी मोताळ्याच्या बाजारातून दुसरी आणली, आणि उरलेलं सगळं खत मिरचीपासून लांब, कपाशीच्या तुकड्यात टाकलं. तिथं ते झकास लागू पडलं. माती भुसभुशीत झाली, बोंडं धरली. परवा आईनं तिथं उभं राहून दादाला फोन लावला, "पोरीच्या हाताले गुण आहे, वावर राहू दे तिच्याकडंच."

काका आता आपल्या अंगणात येत नाहीत, धुऱ्यावरूनच बोलतात. त्या दिवसापासून त्यांनी खरंच तंबाखूला हात लावलेला नाही, आणि काकू आईला हात जोडते. मी खरं सांगितलं तर ते पुन्हा सुरू करतील, माणसाच्या तब्येतीचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला रोज बजावते. ते खोटं आहे. मला ते वावर हवं आहे, बाबा. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही आईला सांगू शकत नाही.