हसून दिलेले बूट

३ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी दुकान बंद करून टेकडीवर गेलो. चाकाची खुर्ची स्मारकापर्यंत जाते का, एवढंच बघायचं होतं. मावशीला आता पायऱ्या जमत नाहीत, आणि सोळा तारखेला तिच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा स्मृतिदिन. दरवर्षी तिला नेतो. पहिल्या रांगेत बसवतात, हार देतात, माईकवरून 'वीरपत्नी' म्हणतात. ती मान डोलावते आणि घरी आल्यावर पाय चेपून घेते.

पायऱ्यांशेजारी उतार केलाय. खुर्ची जाईल. तेवढं बघून परत फिरलो असतो तर बरं झालं असतं.

चबुतऱ्याच्या उजव्या अंगाला धातूचं नवं शिल्प बसवलंय. भिंतीतून आकृत्या वर उचलून आल्यासारखं. एक माणूस कपड्याने पुसत होता. घराचं दार. दारात काका, गणवेशात, पण अनवाणी. समोर मावशी, तरुणपणीची. दोन्ही हातांत त्यांचे बूट धरून ती ते त्यांच्यापुढे करतेय. आणि हसतेय!

बूट! तेही हसून!

घरी आलो तेव्हा मावशी जागीच होती. "पाहिलंस? नवं काही केलंय म्हणतात." म्हटलं, बरं केलंय. "बरं म्हणजे कसं?" म्हटलं, उतार केलाय, खुर्ची जाते.

जेवण गेलं नाही.

४ नोव्हेंबर

खरं काय ते इथं तरी असू दे.

काका रजेवर आले होते. तार आली, ताबडतोब हजर व्हा. मावशी तेव्हा विशीतली. तिने त्यांचे बूट धान्याच्या कोठीत तळाशी पुरून ठेवले. सकाळी घरभर शोधाशोध. ही चुलीपाशी बसून, जसं काही ठाऊकच नाही. शेवटी काका वडिलांच्या चपला पायात घालून निघाले. महिन्याभरात नदीवरचा पूल धरून ठेवताना गेले. पलीकडची तीन गावं त्या पुलावरून सुखरूप निघाली, म्हणून हे स्मारक. पुढे उन्हाळ्यात कोठी तळाला गेली तेव्हा बूट निघाले.

ही गोष्ट ती हसत सांगते. "मी म्हटलं बुटांवाचून अडेल. तो कसला अडतोय! सासऱ्यांच्या चपला घेऊन गेला, सासरे महिनाभर अनवाणी."

आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. गावच्या शाळेत काकांवर धडा होता. 'वीरपत्नीने हसतमुखाने निरोप दिला' असं गुरुजी वाचायचे. एकदा मी उठून म्हणालो, नाही गुरुजी, तिने बूट लपवले होते. हातावर छड्या बसल्या. घरी येऊन सांगितलं तर मावशी म्हणाली, "तुला कुणी विचारलं होतं?" वळ मात्र तेल लावून चोळून दिले.

तो धडा निदान कागदावर होता. हे धातूत ओतलंय. शंभर वर्षं हलणार नाही.

६ नोव्हेंबर

स्मारक समितीच्या चिटणीसांकडे गेलो. निवृत्त मुख्याध्यापक. चहा मागवला, मी घेतला नाही. म्हटलं, हे खोटं आहे, उतरवा.

"अहो, वीरपत्नी हसतेय, यात तुम्हाला काय टोचतं?"

म्हटलं, ती हसली नव्हती. बूट दिले नव्हते, लपवले होते.

"मग काय, कोठीत हात घातलेली बाई दाखवायची? लोक मुलाबाळांना घेऊन येतात." मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "तुम्ही वजनकाटेवाले. सगळं ग्रॅममध्ये मोजायची सवय. इतिहास असा मोजत नसतात."

मी म्हणालो, वाण्याचा काटा केसभर जरी खोटा निघाला तरी मी त्याला सरकारी शिक्का मिळू देत नाही, आणि तुम्ही माझ्या घरातल्या बाईला दारात उभी करून खोटं वागायला लावलंत.

बाहेर आलो. एवढं कुणाला कधी बोललो नव्हतो. पश्चात्ताप मात्र झाला नाही. अजून नाही.

७ नोव्हेंबर

प्रार्थनेला बसलो. देवापुढेही चिटणीसच दिसले. उठलो.

९ नोव्हेंबर, रविवार

शिल्पकाराचा पत्ता काढून गेलो. गावाबाहेर पत्र्याची शेड, आत मातीचे अर्धवट पुतळे ओल्या पोत्यांत गुंडाळलेले. माणूस तरुण. नखांत माती. मी बोलत होतो, तो ऐकत होता, हातातली कोरणी फडक्याने पुन्हा पुन्हा पुसत.

म्हटलं, बुटांचं तुम्हाला कुणी सांगितलं? घराबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. कुणाकडून ऐकलंत आणि उलटं केलंत?

"अहो, ते मला सांगता यायचं नाही. शब्द दिलाय."

समितीला दिला असणार, दुसरं काय! पैसे समितीचे, शब्दही समितीला. तसं तोंडावर म्हणालोही. त्याने मान खाली घातली. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. निघताना म्हणाला, "सोळा तारखेला मावशींना नक्की आणा." काय धाडस!

११ नोव्हेंबर

बायको म्हणते, सोडून द्या. "मावशींना दिसतंय कुठे? एका डोळ्यात फूल, दुसऱ्यात धुकं. खुर्ची डाव्या अंगाने न्या, त्यांना कळणारही नाही."

मी ओरडलो. आंधळ्याला खोटं माप दिलेलं चालतं का?

"माझ्यावर कशाला? मी का तो पुतळा ओतला?" भांडी जरा जास्तच आपटली तिने. बरोबर आहे तिचं. पण डाव्या अंगाने नेणार नाही. ज्या बाईचं आयुष्य आहे तिच्यापासूनच लपवायचं?

सोळा तारखेला मी उठून बोलणार. माईक नाही दिला तर माईकशिवाय.

१४ नोव्हेंबर

चार वाक्यं ठरवली. दुकानात काट्यासमोर उभा राहून म्हणून पाहिली. तिसऱ्या वाक्याला दर वेळी आवाज चढतो. तेल द्यायला आलेला पोऱ्या दारातूनच परत गेला.

मावशीने आज स्वतःहून पांढरं लुगडं बाहेर काढायला लावलं. दोनदा विचारलं, रविवारीच ना? इतर वर्षी तिला आठवण करून द्यावी लागते. तिला त्या दारात काय करताना दाखवलंय, याची कल्पनाही नाही बिचारीला.

देवा, बोलायचं बळ दे. राग कमी करून दे असं मागायला हवं होतं. नाही मागितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

संतापाने अंग जळतंय, तरी लिहितो.

गर्दी बरीच. चिटणीसांचं भाषण लांबलं. मग शिल्पावर टाकलेलं कापड ओढलं, टाळ्या. मी उठलो. पहिलं वाक्य ओठावर होतं. मावशीने मनगट धरलं. तिच्या हातात एवढी ताकद कुठून आली! "आधी मला तिकडे ने."

नेलं. म्हटलं, मावशी, ऐक, हे जे केलंय ते...

"गप्प बस. पुढे घे."

तिने हात वर केला आणि शिल्पावर ठेवला. आधी काकांच्या छातीवर. मग शिल्पातल्या स्वतःच्या तोंडावर, ओठांवरून बोट फिरवलं, सावकाश. मग हात खाली आणत बुटांपाशी. नाड्यासुद्धा चाचपल्या.

"चांगलं केलंय," म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. पुन्हा टाळ्या. शिल्पकार मागे खांबाशी उभा होता, त्याने डोळे पुसले. चिटणीसांनी माझ्याकडे बघून नमस्कार केला. तो नमस्कार मी जन्मात विसरणार नाही!

चार वाक्यं तशीच घेऊन परत आलो. ती चारचौघांत संकोचली असणार. आयुष्यभर लोकांनी जे ऐकायला मागितलं तेच तिने दिलं, आजही दिलं. आणि मी खुर्चीचे दांडे धरून उभा. रस्ताभर तिच्याशी बोललो नाही.

१७ नोव्हेंबर

सकाळी तिचे पाय चेपत होतो. म्हणाली, "त्या शिल्पकार पोरावर चिडू नकोस. तू दुकानात असताना तो यायचा. मीच त्याला तसं करायला सांगितलं, आणि तुला न सांगण्याचा शब्द घेतला."

माझे हात थांबले. म्हटलं, पण तू तर बूट लपवले होतेस.

"बुटांचं तुला सांगितलं. तुझा काका उंबरा ओलांडत असताना मी त्याला काय टाकून बोलले, ते कुणालाच सांगितलं नाही. तुलाही सांगणार नाही." मग दुसरा पाय पुढे करत म्हणाली, "त्या शिल्पात तरी त्याला नीट जाऊ दे."