सगळ्यांच्या वरचं नाव

पूज्य फोईबा,

न रडणाऱ्या माणसाचं दुःख कसं ओळखायचं? बी.ए. झाले तरी मला सांगता येत नाही.

तुमच्या बा, माझ्या दादीमा, गेल्या तेव्हा तुम्ही, त्यांची लेक, छाती पिटून रडलात. आई कोरड्या डोळ्यांनी त्यांचं अंग पुसत होती. "सून आहे की दगड! पेपरातल्या बेसण्याच्या बातमीत हिचं नाव नको," तुम्ही म्हणालात, आणि बायका तिच्यापासून सरकून बसल्या.

तुमचं रडणं खरंच होतं, फोईबा. पण सहा वर्षं त्यांना भरवलं आईनं.

"मीही रडत बसले असते, तर त्यांना न्हाऊ कोण घालणार होतं?" एवढंच ती म्हणाली.

घरात शिकलेली मीच, म्हणून शोकसभेची ती बातमी मी लिहिली. हे पत्र पाठवत नाही. पेपर तुमच्याकडे येतोच. आज त्यात सगळ्यांच्या वर छापलंय: कंचनबेन, सून.

कंचनबेनची मुलगी,
विभूती