झुंबरबाईच्या बोटांवरचे जाळे

मी, रखमाजी सटवाजी भोई, वय अडुसष्ट, धंदा मासेमारी, राहणार राजूरजवळ, ता. भोकरदन, जि. जालना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. दारू घेतलेली नाही. हवे तर साक्षीदारांनी तोंड हुंगून पाहावे.

१. राहते घर मुलगा आदिनाथ यास. तो जालन्याला सळईच्या कारखान्यात आहे. पाण्याला भितो, पण घरपट्टी वेळेवर भरतो.

२. तलावाच्या मच्छीमार संस्थेतील माझ्या जागी वारस म्हणून मुलगी मीना हिचेच नाव लावावे. थर्मोकोलचा तराफाही तिचाच. आदिनाथचे नाव लावले तर चेअरमन भारत त्याला चहा पाजून सही घेईल आणि जागा भाच्याला देईल. मग मीनाने पोट कशावर भरायचे? भारत मला म्हणाला, "रखमाजी, बाई तराफ्यावर? नियमात बसत न्हाई." मी म्हणालो, "मंग तो नियम आण, वाचून दाखव." तो अजून शोधतोच आहे.

३. सरकारची मासेमारी बंदी जून-जुलै, मग लोकांचा श्रावण, वर राजूरच्या गणपतीची चतुर्थी. इतक्या सुट्या कलेक्टरलाही नसतील. तरी मीनाने बंदी पाळावी. पिल्ले वाढली तरच धंदा टिकेल. मात्र त्या दोन महिन्यांत आम्ही काय खायचे, हे बंदीच्या हुकमात लिहायला जो विसरला, त्याच्या नावे माझा सगळा राग लिहून देतो.

४. आमच्यात जाळ्याचे भोक विणणाऱ्याच्या चार बोटांवर धरतात. माझे जाळे बायको झुंबरबाई विणायची आणि तिची बोटे बारीक. मासेमारी खात्याच्या साहेबाने पट्टी लावली, भोक नियमापेक्षा लहान निघाले, जाळे जप्त. मी म्हणालो, "साहेब, मोजून बघा, तिची बराबर चार बोटं हायेत." साहेब हसले आणि जाळे घेऊन गेले. पुढच्या वर्षी झुंबर गेली. मला फार चुकल्याचुकल्यासारखे होते. मीनाची बोटे आईवर गेली आहेत, म्हणून नियमाच्या मापाचा लाकडी तुकडा तिला करून ठेवला आहे. नवे जाळे त्यावरच विणावे.

५. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात, म्हणून दोस्त गुलाम नबीला नुसता सलाम.

६. झुंबरचे जाळे अजून कार्यालयात धूळ खात आहे. मी मेल्यावर आदिनाथने अर्ज करून ते सोडवावे आणि तिरडीवर माझ्या अंगावर घालावे. साहेबाने हरकत घेतली तर सांगावे, यातला मासा नियमापेक्षा लहान नाही, आणि त्याला सुटायचेही नाही.

वाचून, समजून, खाली सही केली.

रखमाजी सटवाजी भोई

साक्षीदार : गुलाम नबी (सही), नागसेन (सही, तोंड हुंगले, वास नाही)

राजूर, दि. २८ मे २०२५