बॉनेट गार होतं

मंगळवार, १४ तारीख
दुपार

चि. ठमीस आईचे आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत. तू कशी आहेस? पाय सुजलेत का? सुजले असतील तर उशीवर ठेवून पड, घर झाडायला उठू नकोस. घर कुठे पळून जात नाही.

अक्षर लागत नसेल तर जावईबापूंकडून वाचून घे. चौथीनंतर माझ्या हातात पेन कमी आणि इस्त्रीच जास्त. फोन का नाही केला म्हणशील, तर इथे रेंज येत नाही.

डबा छान चाललाय. गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरला मी डबाच म्हणते, तुझे बाबा त्याला घर म्हणतात. दोन बाकडी, एक शेगडी, आणि वळलं की कुठेतरी कोपर आपटतंच. जन्मभर लोकांची गेटं वेल्डिंग करून दिली, रिटायर झाल्यावर हा बांधला, त्यामुळे कौतुक फार.

बेत माझा होता. पहाटे निघायचं, अंधार पडेपर्यंत चालायचं, आणि तुझे दिवस भरायच्या आत तुझ्या दारात हजर. त्या बेताचे बाबांनी तीनतेरा वाजवले. सुरुवातीला बरे वागले, मग रोज दुपारी ट्रेलरवाल्यांचा तळ दिसला की गाडी आत. का, तर इंजिन तापलं. मग चहा, डुलकी, शेजारच्याशी गप्पा. संध्याकाळी निघू म्हटलं तर अजून निवलं नाही म्हणतात. मी किती बडबडले ते विचारू नकोस. शेजारच्या ट्रेलरमधली बाई म्हणाली, तुम्ही सुट्टीवर आलात ना? मी म्हटलं, सुट्टीवर हे आलेत, मी कामाला चाललेय.

काल पुन्हा तेच. चार वाजून गेले तरी इंजिन तापलेलंच. मी उठले आणि बॉनेटवर तळवा ठेवला. ठमे, माझा जन्म लॉन्ड्रीत गेला. गरम काय आणि गार काय हे मला कुणी शिकवायला नको.

"कधीच निवलंय," मी म्हटलं. "रोज खोटं का बोलता?"

ते गाडीकडे बघतच म्हणाले, "नळापासून डब्यापर्यंत येताना तू दोनदा थांबलीस. हातात बादली रिकामी होती."

मी बॉनेटवरचा हात काढला आणि आत बाकड्यावर जाऊन पडले. दिवसाउजेडी मी आपणहून आडवी झाले म्हणजे काय, ते तुला कळेल.

तर आता लिहूनच टाकते. रेंज आहे. इथे शेंबडं पोरसुद्धा फोनवर बोलतंय. पण दोन वाक्यं बोलले की मला धाप लागते, आणि ती तू ऐकली असतीस. निघायच्या आधीपासून होतं. लॉन्ड्रीतल्या वाफेनं असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. आज सकाळी बाबा मला इथल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. हृदय दमलंय म्हणाल्या. गोळ्या दिल्यात. प्रवास चालेल पण घाई चालणार नाही, रोज थोडंच जायचं आणि उरलेला वेळ पडून राहायचं. मी म्हटलं, बाई, घाई काढली तर माझ्यात उरतं काय? त्या हसल्या नाहीत.

बाबा म्हणाले, परत फिरू. मी म्हटलं, जेवढं मागे तेवढंच पुढे. पडूनच राहायचं तर लेकीच्या वाटेवर पडून राहीन.

नवा बेत असा. सकाळी दोनेक तास चालायचं आणि मुक्काम करायचा. एक दिवस चाल, एक दिवस आराम. म्हणजे तुझ्या बाळंतपणाला मी पोचत नाही. हे एवढं वाक्य लिहायला बाकीच्या सगळ्या पत्रापेक्षा जास्त वेळ लागला.

सासूबाईंना बोलावून घे. हो, मीच सांगतेय. मी असताना त्यांना स्वयंपाकघरात पाय ठेवू देणार नाही म्हणाले होते, ते माझं तोंड. मीठ मुठीनं घालतात हे खरंच आहे, पण तीन पोरं वाढवलीत, आणि त्यातला तुझ्या वाट्याला आलेला काही वाईट निघाला नाही. बाबांकरवी त्यांना फोनही केलाय. लगेच येते म्हणाल्या. वर विचारलं, मीठ किती घालू? म्हणजे माझं बोलणं पोचलेलं आहे तिकडे. कुणी पोचवलं ते मी विचारत नाही.

पत्रासोबत बाळाची दुपटी पाठवतेय. मी पोचेपर्यंत काही ते थांबणार नाही. वरची सगळी इस्त्री केलेली आहेत. खालची दोन नुसती घडी घातलीत, मध्येच बसावं लागलं. तेवढी चालवून घे.

रडू नकोस, आणि फोन करून परत जा तर अजिबात म्हणू नकोस. ऐकणार नाही. खाली हॉर्न वाजला की धावत येऊ नकोस, ओली बाळंतीण असशील. बाळाला घेऊन वर दारातच थांब. जिना मी चढेन. मध्ये पायरीवर बसेन, पण चढेन.

वाटेवरच आहे,
तुझी आई