दहा काय आणू?

अमरावती
६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मोतीरामभाऊस,
मैनाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

परवा फोनवर मी म्हटलं की जानेवारीत डहाणूला जाऊ. तू ऐकलंस दहा आणू, आणि दहा काय आणू म्हणून मलाच विचारत राहिलास. मी तीनदा ओरडले, तू तीनदा विचारलंस, शेवटी गोदावहिनीनं फोन घेऊन ठेवून दिला. मला हसू आलं, पण तू हसला नाहीस असं ती म्हणाली. म्हणून हे पत्र. तीस वर्षं अकोल्यात लोकांची टपालं वाटलीस, आता एक तुझ्या नावानं येऊ दे.

तर नीट वाच. माझी वर्षाली आणि तिच्या बँकेतल्या पाच जणी तीन दिवस डहाणूला जाणार आहेत. त्यांच्यासोबत तू आणि मी, एकूण आठ. पहिल्या दिवशी समुद्र, दुसऱ्या दिवशी दोन तासांची डोंगरचढण, तिसऱ्या दिवशी वारल्यांचा पाडा. तिथली एक आजी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चित्रं काढायला शिकवते. मेळघाटात बावीस वर्षं नर्स होते, कोरकूंच्या घरोघरी बाळंतपणं केली, पण पाहुणी म्हणून कोणाच्या ओसरीवर निवांत बसले नाही. ते राहून गेलंय. समुद्र तर आपण दोघांनीही पाहिलेला नाही.

वहिनी सांगते, तीन वर्षं झाली तू विहारात जात नाहीस, घरी कोणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसतोस. कानाचं यंत्र कपाटात पडलंय. हे मला चालणार नाही. समुद्र नंतर, आधी तुला दाराबाहेर काढायचं आहे.

लोभ आहेच, उत्तर पाठवलंस तर वाढेल.
तुझी मैना

*

अकोला
१४ नोव्हेंबर

चि. मैनास अ. उ. आ.

पत्र पोचलं. पिनकोड घातला नव्हतास. पोस्टमनच्या बहिणीला हे शोभत नाही.

मी येणार नाही. माणसांत बसलं की मला आवाज येतो, शब्द येत नाहीत. सगळे हसले की मी थोडा उशिरा हसतो आणि मान डोलवतो. शेजारच्या ललितच्या लग्नात एक पाहुणा स्वतःचे वडील गेल्याचं सांगत होता आणि मी छान, छान म्हणालो. त्याचं तोंड अजून डोळ्यांसमोरून जात नाही. यंत्र लावलं की नुसती ताटं-वाट्या जोरात वाजतात.

डोंगराचं म्हणशील तर तुझ्याआधी चढेन. पण पाड्यावर कोणी काही विचारलं आणि मी पुन्हा छान म्हटलं तर? तू जाऊन ये. तुझी वहिनी म्हणून राहिली की मैनाबाईले नाही म्हणून पाहा, मंग समजते. तरीही नाही.

माया असू दे, राग जरा कमी असू दे.
मोतीराम

*

अमरावती
२२ नोव्हेंबर

आदरणीय भाऊस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं ‘नाही’ मिळालं, वाचलं, बाजूला ठेवलं. तिकिटं काढली आहेत. सुरतेच्या गाडीत मी इथून बसते, तू अकोल्याला चढ, सुरतेहून डहाणूची गाडी धरू. खिडकी तुझी.

शंभर पानी वही घेतली आहे. कोण काय बोललं ते सगळं मी लिहून तुला दाखवीन. कोणाचे वडील गेले असतील तर ते आधी लिहीन, मग तू मान डोलव. मी रोज सकाळी मालटेकडी चढते आहे. गुडघा कुरकुर करतो, मी ऐकत नाही. न ऐकणं आपल्या घराण्यातच आहे.

या वेळी पिनकोड घातला आहे, तेव्हा सबब चालणार नाही.
मैना

*

अमरावती
७ जानेवारी २०२६

आदरणीय भाऊस,
सप्रेम जयभीम.

येतो, वही विसरू नको, एवढंच लिहिलेलं तुझं कार्ड मी आरशाला खोचून ठेवलंय. आता पुढचं शांतपणे वाच. दीड महिना टेकडी चढले-उतरले, काही झालं नाही. परवा घरासमोर ऑटोतून उतरताना पाय मुरगळला आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. वर्षालीनं विचारलं की मामाचंही तिकीट रद्द करू का. मी तिला सांगितलं, हात तर लावून पाहा.

तू जाणार आहेस. हे वाचून तुला आधी वाईट वाटेल आणि मग सुटल्यासारखं वाटेल, तेही मला माहीत आहे. काल मी रडले ते पायासाठी नाही. तू आता पुन्हा दार लावून घेशील, या भीतीनं रडले. वही वर्षालीकडे दिली आहे. १६ तारखेला वहिनी तुला फलाटावर आणून उभं करणार आहे, आमचं ठरलंय.

माझ्या वाटचाही समुद्र पाहून ये.
मैना

*

डहाणू
२० जानेवारी

चि. मैनास अ. उ. आ.

समुद्र पाहिला. त्याचा आवाज आला, जाड आवाज मला अजून येतात. डोंगर मी वर्षालीच्या आधी चढलो, ती कबूल करणार नाही.

सांगायचं आहे ते कालचं. पाड्यावर जेवणाच्या वेळी आजी काहीतरी विचारू लागली. तिची बोली कोणालाच कळेना. ती पुन्हा पुन्हा विचारत होती आणि या सहाही जणी हसून मान डोलवत होत्या. ते हसणं मी लगेच ओळखलं, माझं रोजचं काम आहे ते. मैना, तिथं मी एकटाच बहिरा नव्हतो.

कान गेल्यापासून मी माणसांची तोंडं आणि हात वाचतो, तुला कधी सांगितलं नाही. आजीनं आठ पत्रावळी मांडल्या होत्या आणि तिचं बोट आठवीवर होतं. ती विचारत होती की एक जण कुठं आहे. मी उठलो आणि ऑटोतून उतरण्यापासून प्लास्टरपर्यंत सगळं करून दाखवलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मग चुकचुकली. जेवण झाल्यावर तिनं भिंतीवर डोंगर काढला आणि काडी माझ्या हातात दिली. शेंड्यावर काठी घेतलेली बाई मी काढली आहे, ती तू. एक पाय वाकडा आलाय, तो मुद्दाम नाही.

वही पिशवीतच राहिली. रविवारी विहारात जाईन. समजलं नाही तर समजलं नाही असं सांगेन, मान डोलवणार नाही. तू हट्ट केलास ते बरं केलंस. पाय बरा झाला की तुला इथं मी घेऊन येतो.

पाय जप, हट्ट आहे तसाच राहू दे.
तुझा भाऊ मोतीराम

ता. क. आता स्टेशनबाहेर चिकू घेतले. विकणारी बाई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण किती देऊ असंच विचारत असणार. मी दहा बोटं दाखवली.